का उभा राहतोस?



आज राजकारणावर लिहितो आहे. आमच्या घरात पंगतीला राजकारण काढायचं नाही असा अलिखित नियम आहे. कारण घरात तीन पक्षांची माणसं आहेत आणि वरण मात्र एकाच पातेल्यातलं असतं. हे लिखाण वाचणाऱ्यांत निम्मे तर नातेवाईकच. तेव्हा आधीच सांगतो, कोणी आपल्यावर ओढून घेऊ नये. यात सगळ्यात जास्त दोष ज्याच्या पदरात पडणार आहे तो मीच आहे.

ही गोष्ट ऑक्टोबर २०२४ पासून मनात घोळते आहे. विधानसभेच्या निवडणुकीचे दिवस होते. वसुबारस होती, सोमवार, २८ ऑक्टोबर. दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी आणि तोच अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस. तळोद्याच्या घरात मी ओट्यावर बसलो होतो. दिवेलागणीला एक जण मोटरसायकल लावून आला, वाकून पाया पडला. ओळख पटायला वेळ लागला. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरचा माझा जुना विद्यार्थी. आता चाळिशी ओलांडलेली, कानाजवळ पांढरे केस. दोन एकर कोरडवाहू शेती, आणि दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळीबरोबर गुजरातेत. टोळीत लिहिता-वाचता येणारा हाच, म्हणून मुकादमाचा हिशेबही हाच ठेवतो.

चहा झाला. मग म्हणाला, "गुरुजी, मी उभा राहतोय."

"कशाला?"

"आमदारकीला. अपक्ष."

मला हसू आलं. तो हसला नाही. त्याने खिशातून कागद काढला. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात, आणि ते दहाही त्याच मतदारसंघाचे मतदार असावे लागतात. त्याला सहा मिळाले होते. सातवी सही त्याला माझी हवी होती. अनामत रक्कम खुल्या वर्गाला दहा हजार, अनुसूचित जमातीला पाच हजार. ते पाच हजार त्याने मका विकून तयार ठेवले होते.

शिक्षकाची खोड मरेपर्यंत जात नाही. मी विचारलं, "का उभा राहतोस?"

तो म्हणाला, "रस्ते नाहीत, पाणी नाही, दवाखाना लांब आहे, पोरांना काम नाही. आदिवासींचा विकास करायचा आहे."

मी म्हटलं, "हे गाईडमधलं उत्तर झालं. हे सगळेच लिहितात. तुझं उत्तर सांग."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग मोटरसायकलच्या डिकीतून शंभर पानी वही घेऊन आला. टोळीच्या हिशेबाची वही असेल असं मला वाटलं. वही उघडली तर आत पाडे होते. पाड्याचं नाव, खाली घराचं नाव, घरातून किती कोयते गेले, कोणत्या कारखान्याच्या उसाला गेले, बरोबर किती पोरं गेली, पोरं कोणत्या इयत्तेत होती, आणि शेवटच्या रकान्यात परत आल्यावर शाळेत गेली की नाही. अक्षर वळणदार. ते वळण मीच लावलेलं.

"गुरुजी," तो म्हणाला, "मला तिथं जाऊन एकच प्रश्न विचारायचा आहे. दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातून गुजरातेत ऊस तोडायला किती माणसं जातात, त्यांच्याबरोबर किती पोरं जातात, आणि ती पोरं त्या सहा महिन्यांत कोणत्या शाळेच्या पटावर असतात? मंत्र्याने उभं राहून नुसता आकडा सांगितला तरी पुरे. आकडा सांगायचा तर आधी मोजावं लागेल ना!"

मी काही बोललो नाही. मग तो आणखी एक वाक्य बोलला. "तुम्ही चौथीत माझं नाव कमी केलं होतं."

मला आठवत नव्हतं. त्याला सगळं आठवत होतं. दिवाळीनंतर आईबापाबरोबर तो बारडोलीच्या बाजूला गेला. होळीला परत आला आणि दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन बसला. मी हजेरी घेतली. नियमाप्रमाणे सतत गैरहजर म्हणून त्याचं नाव पटावरून काढलं होतं, त्यामुळे हजेरीत ते आलंच नाही. त्याच्या आधीच्या मुलाचं नाव झालं, पुढच्याचं झालं. हा मध्येच उठून "हजर" म्हणाला. पोरं हसली. "तुम्ही पण हसलात," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. झालेली गोष्ट सांगावी तसं सांगत होता.

मंडळी, मी छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत मास्तरकी केली. नोकरी करता करता मराठीतून बाहेरून बी.ए. झालो. दिवाळीनंतर वर्ग अर्धा होतो हे मला माहीत होतं. आमच्या भागातल्या प्रत्येक गुरुजीला माहीत असतं. गुजरातेतल्या साखर कारखान्यांना नंदुरबार, धुळे आणि डांगची माणसं ऊस तोडून देतात, ही काही गुपित गोष्ट नाही. नवरा-बायकोचा मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून पावसाळ्यात उचल घ्यायची आणि ती हंगामात फेडायची. पोरं घरी ठेवायला कोणी नसतं, म्हणून ती बरोबर जातात. सरकारने काहीच केलं नाही असंही मी म्हणणार नाही. साखरशाळा झाल्या, हंगामी वसतिगृहांची योजना आली, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने वयाप्रमाणे वर्गात घ्यायला सांगितलं. परराज्यात जाणाऱ्या मजुरांसाठी केंद्राने १९७९ साली कायदा केला होता, पुढे तो २०२० च्या संहितेत सामावला. कागदावर पुष्कळ आहे. त्या पोराचं म्हणणं एवढंच होतं की कागदावर माणसं आणायची तर आधी त्यांची हजेरी घ्या.

आणि गंमत पाहा. मतदान होतं २० नोव्हेंबरला, म्हणजे बरोबर त्याच दिवसांत जेव्हा टोळ्या निघतात. म्हणजे ज्यांच्यासाठी तो उभा राहणार होता तेच मतदार गावात नसण्याची शक्यता जास्त. मी त्याला तसं म्हटलं. तो म्हणाला, "म्हणूनच तर."

त्या रात्री झोप लागली नाही, म्हणून मुलाकडून मोबाईलवर उमेदवारी अर्जाचा नमुना उघडून घेतला. विधानसभेसाठी 'नमुना २ ब'. त्याच्याबरोबर जोडायचं शपथपत्र म्हणजे 'नमुना २६'. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे हे शपथपत्र आलं, आणि फार चांगली गोष्ट झाली. त्यात पॅन क्रमांक आहे, पाच वर्षांचं उत्पन्न आहे, दाखल गुन्हे आहेत, बायकोच्या अंगावरचं सोनं आहे, शेतजमीन, गाडी, बँकेचं कर्ज आहे, शिक्षण कुठवर झालं तेही आहे. उमेदवाराची सगळी झडतीच म्हणा. सगळे रकाने वाचून झाले आणि लक्षात आलं की एक रकाना नाही. 'आपण का उभे राहत आहात?' हे कोणी विचारतच नाही. शिपायाच्या नोकरीसाठी मुलाखतीला गेलेल्या पोराला विचारतात, "तुला ही नोकरी का करायची आहे?" राज्याचा कायदा करणाऱ्याला तो प्रश्न नाही.

घटना तयार झाली तेव्हा, २६ नोव्हेंबर १९४९ रोजी, डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी समारोपाच्या भाषणात एक खंत सांगितली होती. कायदा राबवणाऱ्यांसाठी आपण पात्रता ठरवतो, पण कायदा करणाऱ्यांसाठी काही ठरवता आली नाही, अशी. मास्तर म्हणून मला ती खंत पूर्वी फार पटायची. आता तितकीशी पटत नाही. वय पंचवीस पूर्ण आणि मतदार यादीत नाव, एवढ्यावर उभं राहता येतं ही लोकशाहीची मोठी गोष्ट आहे. पदवीची अट असती तर सातपुड्यातून किती जण आत गेले असते? त्याच घटना समितीत छोटा नागपूरचे जयपालसिंग मुंडा होते. डिसेंबर १९४६ मध्ये त्यांनी भर सभागृहात, आपण जंगली म्हणवून घेतो याचा अभिमान आहे, असं सांगितलं. ते का आलेत हे त्या सभागृहात कोणाला विचारावं लागलं नाही. पदवी नको, पण कारण हवं, असं आता माझं मत झालं आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. विधानसभेच्या जागा चार: अक्कलकुवा, शहादा, नंदुरबार, नवापूर. मतदारसंघांची फेररचना २००८ मध्ये झाली आणि २००९ पासून चारही जागा अनुसूचित जमातीसाठी राखीव आहेत. राज्याच्या २८८ जागांत अशा राखीव जागा २५, त्यातल्या चार आपल्याकडे. मी बिगरआदिवासी, त्यामुळे मला इथे मत देता येतं, उभं राहता येत नाही. पूर्वी आमच्या नातेवाइकांत यावर फार कुरकुर व्हायची. त्यावर पुढे बोलतो.

२०२४ च्या निवडणुकीत आपल्या जिल्ह्याची चर्चा मुंबईच्या वर्तमानपत्रांत झाली. कारण एकाच घरातले चार जण चार मतदारसंघांत उभे होते. डॉ. विजयकुमार गावित नंदुरबारमधून भाजपचे. त्यांच्या कन्या, २०१४ ते २०२४ खासदार राहिलेल्या डॉ. हिना गावित, भाजपचा राजीनामा देऊन अक्कलकुव्यातून अपक्ष. एक बंधू राजेंद्रकुमार शहाद्यातून काँग्रेसचे, दुसरे बंधू शरद नवापुरातून अपक्ष. चौघांतले फक्त विजयकुमार निवडून आले. अक्कलकुव्याची जागा महायुतीत शिवसेनेकडे गेली होती. तिथे आमश्या पाडवी यांनी अनेक वेळा आमदार राहिलेल्या ॲड. के. सी. पाडवी यांना २,९०४ मतांनी हरवलं. नवापुरात शिरीषकुमार नाईक १,१२१ मतांनी जिंकले.

एका घराकडे बोट दाखवायचा माझा हेतू नाही. शिरीषकुमार हे सुरूपसिंग नाईकांचे चिरंजीव. त्याच निवडणुकीत माणिकराव गावितांचे चिरंजीव भरत गावितही नवापुरातून उभे होते. माणिकराव स्वतः १९८१ पासून २०१४ पर्यंत खासदार होते. के. सी. पाडवींचे चिरंजीव ॲड. गोवाल पाडवी २०२४ ला खासदार झाले. पक्ष कोणताही असो, उंबरठा ओळखीचाच असतो. यात वाईट काय, असंही कोणी म्हणेल. माझे वडील मास्तर होते, म्हणून मी मास्तर झालो. डॉक्टरची मुलगी डॉक्टर होते. घरातलं वातावरण हेही एक कारण असू शकतं, आणि अनुभव घरातूनच मिळतो हे नाकारण्यात अर्थ नाही. डॉ. विजयकुमार गावितही १९९५ ला पहिल्यांदा निवडून आले ते अपक्ष म्हणूनच. म्हणजे कधीकाळी त्यांच्या अर्जालाही कोणीतरी सूचक म्हणून सही केली असेल.

माझी तक्रार वेगळी आहे. त्या महिनाभरात मी जमेल तेवढी भाषणं ऐकली. तिकीट कोणाला मिळालं, कोणाचं कापलं गेलं, कोणी कोणाचं काम केलं नाही, कोणत्या पक्षाने युतीधर्म पाळला नाही, हे सगळं ऐकलं. 'मी का उभा आहे' याचं उत्तर बहुतेक वेळा 'तो उभा आहे म्हणून' असं निघत होतं. विधानसभेत जाऊन मी अमुक एक गोष्ट विचारणार आहे, अमुक कायद्यात अमुक बदल सुचवणार आहे, असं माझ्या कानावर एकदाही आलं नाही. आणि खरं सांगायचं तर ऐकणाऱ्यांतल्या कोणी विचारलंही नाही. मीही नाही.

आता तुम्ही म्हणाल, कायदा-बियदा ठीक आहे, त्याने आपल्या तळोद्या-शहाद्यात काय फरक पडतो? यावर मला घरातली एक गोष्ट सांगावी लागेल. काकांच्या कुटुंबातली मंडळी वाचत असतील, त्यांची क्षमा मागून सांगतो.

१९७१-७२ च्या सुमारास शहादा-तळोदा भागात आदिवासींच्या जमिनींचा प्रश्न पेटला. अंबरसिंग महाराज, नंतर श्रमिक संघटना, मोर्चे, सालदारांचे मेळावे. मी तेव्हा नोकरीला नुकताच लागलो होतो आणि घरात जे बोललं जाई तेच मलाही वाटे: ही बाहेरच्या पोरांनी लावलेली आग आहे. माझ्या चुलत्यांकडे एका भिल्ल कुटुंबाची अडीच एकर जमीन होती. कर्जापोटी आलेली. कर्ज किती आणि व्याज किती हे मी कधी विचारलं नाही. पुढे विधानमंडळाने १९७४ चा कायदा केला, म्हणजे आदिवासींना जमिनी परत देण्याचा. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगरआदिवासींकडे गेलेल्या जमिनींची चौकशी त्यात होती. १ नोव्हेंबर १९७५ पासून तो लागू झाला. नोटीस आमच्या घरी आली. काकांनी आकाशपाताळ एक केलं. शेवटी ती अडीच एकर मूळ माणसाच्या नावावर परत गेली. काकांनी त्यानंतर मरेपर्यंत त्या बांधावरून जाणं टाळलं.

त्या वेळी मला हा आमच्यावर अन्याय वाटला होता. बऱ्याच वर्षांनी त्याच शेतकऱ्याचा नातू माझ्या वर्गात आला. दिवाळीनंतर तो वर्गातच राहिला. घरी अडीच एकर होती, म्हणून त्याच्या बापाला उचल घ्यावी लागली नाही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मुंबईत काही माणसांनी हात वर केले आणि त्यातून सातपुड्याच्या पायथ्याचं एक पोर शाळेत टिकलं. रस्त्याचं डांबर दुसऱ्या पावसाळ्यात निघून जातं, कायदा मात्र सातबाऱ्यावर जाऊन बसतो.

रोजगार हमीचंही तसंच. १९७२ च्या दुष्काळात सुरू झालेल्या योजनेचा राज्याने १९७७ साली कायदा केला. त्यामागे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची चिकाटी होती. देशाने तशा धर्तीचा कायदा करायला २००५ साल उजाडलं. आमदार म्हणजे काय, तर हे. तारांकित प्रश्न विचारला की मंत्र्याला सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं, त्यावर उपप्रश्न येतात. लक्षवेधी असते. मंत्र्याने आश्वासन दिलं तर ते पाळलं की नाही हे पाहणारी आश्वासन समिती असते. अशासकीय विधेयक कोणताही सदस्य मांडू शकतो. ही सगळी अवजारं तिथे टांगलेली आहेत. आपण मात्र माणूस पाठवताना त्याला कोणतं अवजार हवं आहे ते विचारत नाही.

हे सगळं मी घरात बोललो तेव्हा मुलगा म्हणाला, "आप्पा, तुमचं पुस्तकी आहे. लोकांना प्रश्न विचारणारा आमदार नको असतो, काम करून देणारा हवा असतो. रात्री दोन वाजता सिव्हिलला बेड मिळवून देणारा, तहसीलमधला दाखला काढून देणारा, लग्नाला येणारा."

त्याचं म्हणणं खोटं नाही. ज्याच्या घरातलं माणूस बांबूच्या झोळीतून डांबरी रस्त्यापर्यंत आणावं लागतं, त्याला फोन उचलणारा आमदारच देव वाटणार. पण मी मुलाला म्हटलं, बेड मिळवून देणारा आमदार लागतो, कारण बेड कमी आहेत. बेड का कमी आहेत हे विचारायची जागा सभागृह आहे. ज्याने ते विचारायचं, त्याला आपण दाखले काढायला आणि अक्षता टाकायला जुंपलं, तर दोष त्याच्या एकट्याचा कसा? आपणच परीक्षेत चुकीचा पेपर काढतो आणि मग पोरं नापास झाली म्हणून ओरडतो.

असो. आता त्या सहीचं सांगतो. इतका वेळ टाळत होतो.

त्या संध्याकाळी वही पाहून झाल्यावर माझ्या मनात काही शंका उरली नव्हती. त्याचं कारण खरं होतं. तो निवडून येणार नाही हे मला दिसत होतं, त्यालाही दिसत होतं. खर्चाची कायदेशीर मर्यादाच चाळीस लाखांची आणि याच्याकडे मक्याचे पाच हजार. पण अर्ज भरला असता तर मतदानापर्यंत तरी त्याला चौकात उभं राहून तो प्रश्न विचारता आला असता. बाकीच्या उमेदवारांना त्यावर काही ना काही बोलावं लागलं असतं. उमेदवारीचा तोही एक उपयोग असतो.

मी सही केली नाही.

त्याला म्हणालो, "सूचकाला मतदार यादीतला भाग क्रमांक, अनुक्रमांक लिहावा लागतो. माझा शोधावा लागेल. तू उद्या सकाळी ये." मंडळी, माझा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक मला पाठ आहे. निवडणुकीच्या ड्यूट्या करण्यात माझं आयुष्य गेलं आहे.

खरं कारण काय होतं? पुतण्या एका पक्षाचं काम करतो. सून ज्या संस्थेत आहे तिथली मंडळी दुसऱ्या पक्षाची. माझी सही दिसली असती तर दोघांनाही "तुमच्या आप्पांनी हे काय केलं?" असं विचारलं गेलं असतं. बस, एवढंच. धमकी नव्हती, दबाव नव्हता. दिवाळीच्या फराळाला बिब्बा नको, एवढीच माझी हिंमत. सकाळी तो आला तेव्हा मी धन्याची पुरचुंडी आणायला बाजारात गेलो होतो. धणे घरात होते. त्याने हिला विचारलं, थोडा वेळ थांबला, आणि "गुरुजींना नमस्कार सांगा" म्हणून गेला. दुपारी तीनला मुदत संपली. दहा सह्या झाल्या नाहीत.

त्याला मी 'का' विचारलं आणि त्याने वही उघडून दाखवली. मला कोणी विचारलं असतं, "तुम्ही सही का केली नाही?" तर माझ्याकडे वही नव्हती. तेव्हापासून मला वाटायला लागलं आहे की उमेदवाराच्या कारणांची चौकशी करणं सोपं असतं. ज्या कारणांनी आपण मत देतो, सही देतो, गप्प बसतो, ती कारणं एकदा कागदावर मांडून पाहावीत. मी मांडली. त्यात फराळ आला, पुतण्या आला, नोकरी आली. ऊस तोडणारं पोर कुठे आलं नाही.

२० नोव्हेंबरला तो मतदान केंद्रावर भेटला. टोळी आदल्या आठवड्यातच गेली होती. मतदानासाठी जीपमधून माणसं आणली होती, त्यात हाही आला होता. मी विचारलं, "कोणाच्या गाडीने आलास?" तो म्हणाला, "ज्याने पाठवली त्याच्या." रात्रीच परत निघणार होता. मला म्हणाला, "भाग क्रमांक सापडला का, गुरुजी?" मी मान खाली घातली. तो हसला, आणि या वेळी वर्गात कोणी नव्हतं.

पुढची विधानसभा २०२९ मध्ये आहे. तेव्हा मी असेन की नाही ठाऊक नाही. पण तुम्ही असाल. दारात उमेदवार येतील, पाया पडतील, पत्रक देतील. त्यांना चहा द्या. पक्ष विचारू नका, तो पत्रकावर असतो. घराणं विचारू नका, ते आपल्याला माहीत असतं. एवढंच विचारा: "का उभे राहता? आणि आत गेल्यावर पहिला प्रश्न कोणता विचाराल?" पाच जणांनी विचारलं तर ते हसतील. पन्नास जणांनी विचारलं तर तयारी करून येतील. आणि एखादा रिकाम्या हाताने, फक्त एक वही घेऊन आला, तर निदान त्याला बाजारातून परत येईपर्यंत ताटकळत ठेवू नका.

त्याची वही आता माझ्याकडे आहे. मीच मागून घेतली. माझ्या ओळखीचे जे निवृत्त गुरुजी पायथ्याच्या गावांत आहेत त्यांना सांगून आणखी पाड्यांची माहिती त्यात भरतो आहे. पूर्ण झाली की चारही आमदारांना एकेक प्रत पाठवणार आहे, पक्षांचा विचार न करता. खाली सही माझी असेल. भाग क्रमांक आणि अनुक्रमांकासह.

पुतण्या, रागावू नकोस. दिवाळीला ये.